घेतलं म्हणेपर्यंत

फाइल मी धरली, पण ती माझ्याकडे आली नाही. टेबलापलीकडे बसलेल्या बाईंनी तिचं दुसरं टोक सोडलंच नव्हतं. वय सत्तरीच्या पुढचं, बोटं जाडजूड, नखं मुळापर्यंत कापलेली, आणि पकड अशी की मी खुर्चीतून अर्धी उठले तरी फाइल जागची हलेना. आमच्याकडे लोक अर्ज देतात म्हणजे भिरकावतात आणि एकदाचे सुटलो म्हणून पाठ फिरवतात. देणाऱ्यानेच सोडू नये हा प्रकार नवा होता. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या माझ्या हाताकडे नव्हे, तोंडाकडे बघत होत्या, काहीतरी ऐकायचं राहिलंय अशा चेहऱ्याने. डोक्यावर पंखा खडखडत होता, शेजारच्या टेबलावर कलमसाहेब कुणाला तरी नियम समजावत होते, आणि माझ्या तोंडून आपोआप शब्द गेला, "घेतलं." बाईंनी लगेच फाइल सोडली. मग त्यांच्या लक्षात आलं, आणि मागोमाग माझ्या. दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. हा शब्द मी असा घराबाहेर कधीच वापरलेला नाही. तो आईचा आणि माझा, आणि लग्नानंतर नाइलाजाने नवऱ्याचाही.

आईच्या हातून काही घ्यायचं असेल तर "घेतलं" म्हणावं लागतं. नाही म्हटलं तर ती सोडत नाही. चहाचा कप असो, पिशवी असो, दाराची किल्ली असो, ती धरून उभी राहते. लहानपणी शाळेला उशीर होत असायचा, दप्तर दोघींच्या हातात, मैत्रीण जिन्यात खोळंबलेली, आणि मी रागाने ओरडायची, "घेतलं, घेतलं, घेतलं!" मैत्रिणींनी माझं नावच "घेतलं" पाडलं होतं. लग्न झाल्यावर पहिल्याच आठवड्यात नवऱ्याने आईकडून चहा घेतला, तिने सोडला नाही, त्याने सभ्यपणे थोडा ओढला, तिने तेवढाच धरला, आणि अर्धा कप त्याच्या पांढऱ्या शर्टावर गेला. "तुझ्या आईचं बरं आहे," तो मला खोलीत येऊन म्हणाला, "पावती घेतल्याशिवाय माल सोडत नाहीत." तेव्हापासून तोही म्हणतो. एकेकाची सवय, म्हणून आम्ही तिकडे कधी लक्ष दिलं नाही. कुणाला जेवताना पाय हलवायची सवय असते, कुणाला कुलूप दोनदा ओढून बघायची. जगात दुसऱ्या कुणाला नेमकी हीच सवय असेल असं मात्र मला कधी वाटलं नव्हतं.

"आमच्यात असंच असतं," बाई म्हणाल्या. "राग मानू नका. बाहेरच्या माणसाला चमत्कारिक वाटतं. पण तुम्ही कशा म्हणालात?"

"असंच. निघून गेलं तोंडातून."

"असं निघत नसतं," त्या म्हणाल्या, आणि पुढे काही विचारलं नाही.

आमच्या खात्याला सगळ्या इमारतीत वाढदिवस खातं म्हणतात. गावातल्या गावात ज्या गोष्टींना पंचवीस, पन्नास, शंभर वर्षं झाली त्यांचा उत्सव करायला वस्तीतले लोक पुढे आले, तर त्यांना सरकारी मदत द्यायची, एवढंच आमचं काम. पुलाची शंभरी, वाचनालयाची पंचाहत्तरी, एका बेकरीच्या भट्टीची पन्नाशी. एकदा एका चौकातल्या घड्याळाची शंभरी आली होती. पाहणीला गेले तर घड्याळ बंद. "चालू कधी होतं?" मी विचारलं. "ते नक्की सांगता येणार नाही, पण आहे मात्र शंभर वर्षं," मंडळाचे अध्यक्ष छाती पुढे काढून म्हणाले. मी मंजूर केलं. मला या लोकांचं हसू येतं आणि आवडतंही. माणसं आपल्या गल्लीला इतिहास आहे हे सिद्ध करायला नकाशे काढतात, म्हाताऱ्यांना खुर्चीत बसवून घेऊन येतात, आपसांत भांडतात, मांडव कुणाच्या दारात घालायचा यावरून अबोला धरतात. आणि मी, जिला स्वतःच्या घराण्याचं आजोबांपलीकडे काही सांगता येत नाही, मी त्यांच्या इतिहासावर शिक्के मारते.

या बाईंची डेअरी होती, नदीकाठच्या एका गल्लीत. वडिलांनी सुरू केली, त्यांच्यानंतर यांनी चालवली. गल्लीतर्फे त्याच आल्या होत्या. अर्ज उघडला तर विषय : महापुरास पन्नास वर्षे.

"पुराचा कसला उत्सव हो?" मी विचारलं. "आमच्या योजनेत बांधलेल्या गोष्टी बसतात. आपत्ती बसत नाही."

"पुराचा कोण करतंय? पोरांचा आहे. गल्लीतलं एकही पोर दगावलं नाही त्या दिवशी. पाणी आलं ते दुपारी आलं, पुरुषमाणसं कामावर, पूल बंद. आमची डेअरी तेवढी पक्की, तिच्या गच्चीवर सगळ्या बायका पोरं घेऊन चढल्या. पण पाणी चढतच होतं, आणि गच्चीचंही काही खरं नव्हतं. समोर गल्लीच्या टोकाला शाळा, तिच्या पायऱ्या उंच. मध्ये छातीइतकं पाणी आणि ओढ अशी की एकटा माणूस उभा राहू शकत नाही. मग जे होते ते उतरले पाण्यात. डेअरीपासून शाळेपर्यंत रांग लावली, एकमेकांना चिकटून, आणि पोरं एकाच्या हातून दुसऱ्याच्या हातात अशी पलीकडे नेली. पाणी इतकं गार होतं की हात बधिर झाले. आपण धरलंय की नाही ते कळेना, समोरच्याने नीट धरलंय की नुसता हात लावलाय तेही कळेना. म्हणून तोंडाने सांगायचं. घेतलं म्हटल्याशिवाय सोडायचं नाही. ते लागलं ते लागलंच. आजही गल्लीत कुणी वाटीभर साखर उसनी देतं तरी आधी घेतलं म्हणावं लागतं. नव्या सुना हसतात. मग त्याही म्हणायला लागतात."

माझा हात फाइलवर होता. तो मी मांडीवर घेतला. कलमसाहेबांचा आवाज लांबून आल्यासारखा वाटू लागला. समोरच्या ग्लासातलं पाणी मी प्यायले, तर ते गार लागलं, नको इतकं गार.

"रांगेत कोण कोण होतं?" मी विचारलं. आमच्या अर्जात तसा रकाना आहे. नावं लागतात, फलकावर लिहायला आणि पुरावा म्हणूनही.

"ते आम्ही सांगत नाही."

"म्हणजे?"

"कुणीच सांगत नाही. ज्याला विचाराल तो म्हणतो, मी काय केलं, मी फक्त पुढे दिलं. आणि तेच बरंय. नावं लिहिली असती तर कुणी मोठा झाला असता, कुणी लहान राहिला असता. आमचे लोक गल्लीत राहतात, पुतळ्यात नाही."

मला हसू आलं. त्याही हसल्या. पैसे कशाला हवेत म्हणाल तर मांडवाला आणि भाषणांना नावापुरतेच, त्या म्हणाल्या, खरे हवेत गाडीभाड्याला. त्या वेळची माणसं आता कुठेकुठे पांगली आहेत. कुणाला मुलाने नेलं, कुणाला मुलीने, कुणी आश्रमात आहे. त्यांना एक दिवस आणायचं, जेवू घालायचं, पुन्हा एकदा तशी रांग लावायची आणि पोहोचतं करायचं. "पंचाहत्तरीला रांगेत फोटो उभे करावे लागतील," बाई म्हणाल्या. "यंदा हात आहेत." मग उठता उठता त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "तुमचं वय काय हो?"

"पन्नाशी ओलांडली नुकती."

"आई आहेत?"

"आहेत."

"नमस्कार सांगा माझा," त्या म्हणाल्या, आणि जिन्याच्या कठड्याला धरून सावकाश उतरून गेल्या.

प्रत्येक फाइलच्या पहिल्या पानावर मला एक सही करावी लागते. 'या वस्तीशी माझा कोणताही संबंध नाही.' वर्षानुवर्षं ही सही मी न वाचता केली आहे, आणि खरीच होती ती. कुठल्याच वस्तीशी माझा संबंध नव्हता. आम्ही टेकडीवरच्या क्वार्टर्समध्ये वाढलो, तिथे प्रत्येकजण कुठून तरी बदली होऊन आलेला. त्या दुपारी पेन उघडलं आणि तसंच बंद केलं. संध्याकाळी घरी चालत गेले. वाटेत स्वतःचे हात बघत होते. दंड, काखा, पाठ. कुठे कुठे धरलं असेल मला? अंगाला काही आठवतं म्हणतात. माझ्या अंगाला काही आठवत नव्हतं. मला पोहता येत नाही, पण ते पुष्कळांना येत नाही. अंघोळीला पाणी कढत लागतं, पण तेही पुष्कळांना लागतं. इतक्या हातांतून गेलेलं अंग इतकं कोरं कसं राहिलं, याचा मला थोडा रागच आला.

घरी आई खिडकीत उभी राहून वरच्या मजल्यावरच्या बाईंशी भांडत होती. त्यांच्या कुंड्यांचं पाणी आमच्या कपड्यांवर ठिबकतं. हे भांडण आम्ही राहायला आल्यापासून चालू आहे आणि दोघींपैकी कुणालाही ते मिटायला नको आहे. आईला भांडल्याशिवाय अन्न गोड लागत नाही. भाजीवाल्याशी, पोस्टमनशी, बाबा होते तोवर बाबांशी. मात्र भांडण संपलं की आईच त्याच घरात लिंबाचं लोणचं पाठवते. "माणूस भांडतो म्हणजे आपलं समजतो," हे तिचं म्हणणं. तिने मला पाहून खिडकी लावली, चहा टाकला आणि कप आणून पुढे केला. मी धरला, पण म्हटलं नाही.

"घेतलं म्हण."

"आई, आपण डेअरीच्या गल्लीत राहत होतो का गं?"

कप दोघींच्या हातात. वाफ मध्ये. आईच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही, फक्त बोटं जरा घट्ट झाली.

"हात भाजतोय," ती म्हणाली.

"माझाही भाजतोय."

"हट्टी मेली. बापावर गेलीस." मग ती म्हणाली, "राहत होतो. म्हण आता."

"घेतलं."

तिने कप सोडला आणि पलंगावर बसली. मी खाली बसले, तिच्या पायाशी, जशी लहानपणी वेणी घालून घ्यायला बसायची. ती एकदम मुद्द्यावर आली नाही. आधी कुणी सांगितलं विचारलं, मग डेअरीवाली अजून आहे का विचारलं, ती तेव्हा कशी दांडगट होती, पाण्यात उतरणाऱ्यांत पहिली तीच, लग्नही व्हायचं होतं तिचं, हे सांगितलं. खिडकीच्या काचेवर कुंड्यांचं पाणी टपटपत होतं, आणि आज तिने वर बघून काही म्हटलं नाही.

"बाबा तुझे कारखान्यात अडकले होते," ती म्हणाली. "मी गच्चीवर एकटी. तू काखेत. खालून हात वर आले. किती हात होते ते! सगळे चिखलाचे, सगळे सारखे. मी तुला खाली सोडलं. कुणाला दिलं ते मी पाहिलंसुद्धा नाही गं. तोंड दिसत नव्हतं. घेतलं असा आवाज तेवढा आला, आणि माझे हात रिकामे झाले. मग पुढे ऐकू येत राहिलं, घेतलं, घेतलं, घेतलं, बारीक बारीक होत गेलं, आणि मग पाण्याच्या आवाजात काही कळेना. आम्हां बायकांना दोरीने नेलं ते पाणी ओसरू लागल्यावर, संध्याकाळी. तोवर मी त्या गच्चीवर बसून होते. शाळेत गेले तर तू एका बाकावर, कुणाच्या तरी सदऱ्यात गुंडाळलेली, अंगठा चोखत होतीस. मला बघून रडलीस. तोवर रडली नव्हतीस म्हणे."

"आणि हे तू मला कधी सांगितलं नाहीस."

"सांगून काय झालं असतं? दारोदार आभार मानत फिरली असतीस."

"मग त्यात वाईट काय होतं?"

"तू राहून बघायचं होतंस त्या गल्लीत," आई एकदम चिडून म्हणाली. "सकाळी नळावर जावं, पुढच्या बाईने आपली बादली सरकवून तिची लावावी, आणि तोंड उघडायला जावं तर मनात यावं, हिने घेतली असेल का माझी पोर? दुकानदाराने वजनात मारावं, आणि वाटावं, याच्या हातातून गेली असेल. कुणाला म्हणून बोलायची सोय राहिली नाही! सगळ्यांपुढे आपली मान खाली. एकाचे उपकार असते तर एकाचे फेडले असते. अख्ख्या गल्लीचे कसे फेडायचे? आणि कुणी सांगायलाही तयार नाही. मी फक्त पुढे दिलं, मी फक्त पुढे दिलं. वर्षभर मी कुणाशी भांडले नाही. खाल्लेलं अंगी लागेना. तुझ्या बाबांना म्हटलं, घर बदला, मला जरा परकी माणसं हवीत." तिचे डोळे भरले होते, पण आवाज भांडणाचाच होता. "त्या गल्लीवर माझा इतका जीव होता की तिथे राहवेना मला."

मी हसले आणि हसता हसता रडले. आईही. वरच्या बाईंनी खिडकीतून वाकून विचारलं, "काय झालं हो?" आई खिडकी उघडून म्हणाली, "तुमच्या कुंड्या झाल्या!" आणि दोन्ही खिडक्या पुन्हा एकदम वाजल्या.

दुसऱ्या दिवसापासून माझं आईसारखं झालं. बसच्या रांगेत एक म्हातारे गृहस्थ मला कोपर मारून पुढे घुसले, आणि मी रागाने वळले ती तशीच थांबले. असतील का हे? बँकेत एका आजींनी माझं पेन नेलं, मी काही बोलले नाही. एका ठरावीक वयापुढच्या कुणावर मला रागावताच येईना. सगळं शहर मला अनोळखी उपकारकर्त्यांनी भरलेलं दिसू लागलं, आणि खरं सांगते, ते दिसणं सुखाचं होतं. आतापर्यंत मला वाटायचं, मी एकटीने शिकले, परीक्षा दिल्या, नोकरी मिळवली, कुणाची मिंधी नाही. याचा एक ताठा होता मला. तो आता कुठे बसेना. मी चालायला लागण्याच्याही आधी इतक्या लोकांनी मला खाली पडू दिलं नव्हतं. रस्त्याच्या मधोमध उभं राहून कुणाला तरी धन्यवाद म्हणावंसं वाटे, आणि कुणाला म्हणायचं ते कळत नसे, म्हणून मी जरा जास्तच वेळ कंडक्टरचे आभार मानत राही. तो मला वेडी समजत असावा.

पण फाइल तशीच पडली होती. मी ती सही केली असती तर मंजुरी माझ्या हातात होती, दोन ओळींचं काम. फक्त ती सही खोटी झाली असती, आणि मग त्या गल्लीत मी साहेबीण म्हणून गेले असते, खुर्चीवर बसले असते. रांगेत उभी राहू शकले नसते. त्यांच्यातली म्हणून कधीच गेले नसते, कारण कुणाला कळलं की मंजुरी गल्लीतल्याच बाईने दिली, तर पैसे परत आणि गल्लीची बेअब्रू. आणि सही नाही केली तर नियमाप्रमाणे फाइल कलमसाहेबांकडे जाते. ते माणूस म्हणून वाईट नाहीत, पण नियम सोडून त्यांना घासही गिळता येत नाही. नावं नाहीत, दाखला नाही, इमारत नाही, शिवाय आपत्ती. घड्याळ बंद होतं तरी मी मंजूर केलं, हे ते मला अजून ऐकवतात. त्यांच्याकडे गेलं म्हणजे नाही आलंच, आणि म्हाताऱ्यांना आणणारी गाडी काही निघत नाही. आपल्या एका सहीच्या खरेपणापायी मी इतक्या माणसांची शेवटची भेट घालवू का, हे मी रोज रात्रीच्या जेवणात चघळत होते. शेवटी आईच कंटाळली.

"देऊन टाक त्याला," ती म्हणाली.

"अगं, तो नाही म्हणेल."

"म्हणेल कदाचित. मी तुला खाली सोडलं तेव्हा मला ठाऊक होतं का पुढे कोण उभं आहे? आणि त्याच्या पुढे कोण? मी काय सगळ्यांची परीक्षा घेऊन मग सोडलं का? आपल्या हातातलं नीट द्यावं, समोरच्याने घेतलं म्हणेपर्यंत धरावं, आणि मग सोडावं. त्यापुढे आपलं काही चालत नाही." मग जरा वेळाने, "खोटी सही करून रांगेत उभी राहणार होतीस होय? तोंड कसं वर केलं असतंस?"

मी एका कागदावर लिहिलं : 'या अर्जात ज्या मुलांचा उल्लेख आहे त्यांपैकी मी एक आहे. सबब हे प्रकरण माझ्याकडून काढून घ्यावे.' अधिक काही लिहिता येईना. कागद वर लावला आणि फाइल कलमसाहेबांपुढे धरली. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं, फाइल धरली, ओढली. ती आली नाही. पुन्हा ओढली.

"मॅडम?"

"घेतलं म्हणा."

"काय?"

"साहेब, म्हणा ना. तेवढं म्हणा."

आजूबाजूची टेबलं वळून बघू लागली. कलमसाहेबांनी इकडेतिकडे पाहिलं, कुठल्या नियमात हे बसतं ते शोधल्यासारखं, आणि पुटपुटले, "बरं. घेतलं." मी सोडली. हात एकदम हलके झाले. आईच्या हातांना त्या गच्चीवर कसं वाटलं असेल त्याचा कणभर अंदाज मला तेव्हा आला. मी माझ्या टेबलावर जाऊन बसले आणि कुठल्याशा कारंज्याच्या पंचविशीचा अर्ज उलटा धरून वाचत राहिले.

बरेच दिवस काही हललं नाही. मग एका दुपारी कलमसाहेब स्वतः उठून माझ्या टेबलाशी आले. ते सहसा उठत नाहीत.

"मॅडम, मी हे नामंजूर करणार होतो," ते म्हणाले. "शेरा लिहूनही ठेवला होता. घटना घडल्याचा पुरावा जोडलेला नाही, असा. मग तुमचा कागद पुन्हा वाचला. आता पुरावा रोज माझ्यासमोर बसून डबा खातो. तेव्हा मी काय लिहू? पुरावा दिसत नाही?" त्यांनी फाइल पुढे केली. "सजावट आणि ध्वनिक्षेपक कापले आहेत. गाडीभाडं आणि जेवण पूर्ण ठेवलंय. आपत्ती हा शब्द खोडून सुटका लिहिलाय, कारण सुटकेला नियमांची ना नाही." मी फाइल धरली. ती आली नाही. कलमसाहेब तोंड अगदी कोरडं ठेवून धरून उभे होते.

"घेतलं," मी म्हणाले. ते घाईघाईने जागेवर गेले आणि दुसऱ्या कुणाला तरी नियम समजावू लागले.

गल्लीच्या उत्सवाच्या रविवारी सकाळी आईने कपाट तीनदा उघडलं आणि बंद केलं. येत नाही म्हणाली, मग येते म्हणाली, मग गुडघ्याचं कारण काढलं, आणि शेवटी काठी घेऊन निघाली. गल्लीच्या तोंडाशी उतरलो तेव्हा तिने माझा दंड धरला. गल्ली अगदी साधी होती. सायकलदुरुस्तीचं दुकान, वाळत घातलेले कपडे, एक झोपलेलं कुत्रं, एका टोकाला डेअरी, दुसऱ्या टोकाला शाळेच्या उंच दगडी पायऱ्या. इतक्याच अंतरासाठी? मला वाटलं होतं गल्ली लांबलचक असेल. गाडीतून म्हातारी माणसं उतरत होती, काठ्या घेऊन, नातवंडांच्या खांद्याला धरून, एकमेकांना न ओळखता मिठ्या मारत. पाण्याची पातळी दाखवायला कुणी भिंतींवर खडूने रेघ ओढली होती. ती माझ्या खांद्याला लागत होती. डेअरीवाल्या बाईंनी आईला पाहिलं. दोघी समोरासमोर उभ्या राहून एकमेकींना आपादमस्तक न्याहाळत राहिल्या.

"वहिनी, जाड झालात," शेवटी डेअरीवाल्या बाई म्हणाल्या.

"आणि तू काय शेवग्याची शेंग राहिलीस?" आई म्हणाली.

बाईंनी मला 'वहिनींची पोरगी' म्हणून सगळ्यांना दाखवलं, आणि रांग लागली. हातात द्यायला त्यांनी कपड्यांचं एक गाठोडं बांधून ठेवलं होतं. तेवढ्यात मागून कुणीतरी म्हातारा ओरडला, "गाठोडं कशाला? पोरगी आलीय ना खरी, तिलाच द्या की!" दुसरा म्हणाला, "पेलणार आहे का तुला आता?" सगळे हसले, मीही हसले, आणि हसणं ओसरल्यावर लक्षात आलं की रांग खरोखरच माझ्याकडे हात करून उभी आहे. मला उचलणं कुणाला शक्य नव्हतं. म्हणून ठरलं, हात धरून पुढे द्यायचं. आई डेअरीच्या पायरीवर उभी राहिली, रांगेच्या अगदी सुरुवातीला, आणि तिने माझा हात डेअरीवाल्या बाईंच्या हातात दिला.

"घेतलं," बाई म्हणाल्या.

आईने सोडला नाही.

"वहिनी, घेतलं."

आईची बोटं आणखी आवळली. ती माझ्याकडे बघत नव्हती, बाईंच्या तोंडाकडे बघत होती, त्या दिवशी जे दिसलं नव्हतं ते नीट बघून घेत असल्यासारखी.

"अहो घेतलं म्हणते ना! सोडा की आता, किती वेळ?"

"ओरडतेस कशाला?" आई कडाडली. "बहिरी नाही मी! माझी पोर आहे, मी माझ्या वेळेने सोडीन!"

"मग तेव्हा बरी पटकन सोडलीत!"

"तेव्हा खालून घेणारी तूच होतीस का?"

"ते मी सांगणार नाही!"

दोघींचे आवाज गल्लीभर घुमले. कुत्रं उठून बसलं. माझी आई त्या गल्लीत कडकडून भांडत होती, तोंड लाल करून, डोळ्यांतून पाणी गळत असताना, आणि मी तिला इतकी सुखी कधी पाहिली नव्हती. मग तिने बोटं एकेक करून सोडली.

मी पुढे गेले. हात मऊ होते, खरखरीत होते, एक थरथरत होता, एकाला दोन बोटं नव्हती. प्रत्येकजण धरून ठेवी, पुढचा "घेतलं" म्हणेपर्यंत सोडत नसे, आणि मध्येच कुणी थांबून विचारी, मुलं किती, नोकरी कुठे, गुडघे कसे आहेत, म्हणून रांग फार सावकाश सरकत होती. आभार मानायचं मी ठरवलं होतं, वाक्यसुद्धा जुळवून ठेवलं होतं. ते कुठल्या हातापाशी बोलायचं ते समजेना, आणि नंतर नंतर त्याची गरज वाटेना. मी नुसती हातातून हातात जात होते. शाळेच्या पायऱ्यांशी रांगेतले शेवटचे आजोबा होते, डोळ्यांनी जवळजवळ अधू. त्यांनी माझा हात धरला आणि पुढे केला. पुढे कुणी नव्हतं. पायरीवरच्या माणसाची जागा रिकामी होती, ते कोण होते आणि कधी गेले हे कुणी बोललं नाही. आजोबा माझा हात हवेत धरून थांबले. त्यांच्या हिशोबी अजून कुणी घेतलं नव्हतं, म्हणून ते सोडेनात.

तेव्हा मला पायऱ्यांवर धाप ऐकू आली. आई रांगेच्या कडेकडेने चालत आली होती, एकेका हाताकडे बघत, काठी टेकत, आणि नुकतीच वरच्या पायरीवर येऊन उभी राहिली होती. तिने वाकून माझा दुसरा हात धरला.

"घेतलं," ती म्हणाली.